ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीत सत्यनारायण : सदस्य म्हणून मी काय भूमिका घ्यावी?

माणदेशी_सून :

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या ग्रामपंचायतीची सदस्य आहे, गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. नऊ सदस्य आणि थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंच बाई. पंचायतीची नवीन इमारत बांधून झालीय, आता उद्घाटनाला सत्यनारायण घालायचा असं उपसरपंचांनी मागच्या मासिक सभेत काढलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. खर्च सादिलमध्ये (कार्यालयाच्या किरकोळ खर्चात) टाकू म्हणाले, हजार-दीड हजाराला कोण विचारतंय.

मी देवाधर्माचं सगळं करते. एकादशी मोडत नाही, श्रावणात घरी सत्यनारायण असतो, सासऱ्यांच्या गळ्यात माळ आहे. त्यामुळे माझा विरोध पूजेला नाहीये हे आधीच सांगते. पण आमच्यात दोन सदस्य बौद्ध आहेत, एक मुस्लिम. ते सभेत काहीच बोलले नाहीत, बाहेर चपला घालताना त्यातले एकजण मला एवढंच म्हणाले की वहिनी, त्या दिवशी आम्ही कुठं उभं राहायचं तेवढं सांगून ठेवा. आणि दुसरं म्हणजे पूजेला जोडपं लागतं. सरपंच बाईंचे मालक करोनात गेले. मग पाटावर कोण बसणार तर उपसरपंच आणि त्यांच्या मिसेस, हे पण त्याच सभेत ठरून गेलं, सरपंच बाई समोर बसलेल्या असताना. त्या खाली मान घालून रजिस्टर बघत होत्या.

मी काही बोलले तर देव न मानणारी म्हणून गावभर होणार. आणि लोक लगेच विचारतात, मुख्यमंत्री पंढरपूरला महापूजा करतात, मंत्री देवाच्या नावानं शपथ घेतात, मग आपल्या एवढ्याशा पंचायतीत काय अडलं? मला याला नीट उत्तर देता येत नाही. राजकारणात आलं म्हणजे आपली श्रद्धा घरी ठेवून यायची का? आणि ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं? पुढची सभा जवळ आलीय, जाणकारांनी सांगा.

भैरोबाचं_चांगभलं :

ताई एवढा विचार कशाला करताय. खंडेनवमीला पोलीस ठाण्यात शस्त्रपूजा होते, दसऱ्याला एसटी डेपोत गाड्यांना हार घालतात, कारखान्यात मशीनची पूजा होते, तिथं सगळ्या जातीधर्माचे लोक कामाला असतात आणि कोणी कुठं उभं राहायचं असं विचारत नाही. गावाची रीत आहे, नवीन वास्तू झाली की पूजा. लोकांना त्यात समाधान मिळतं. उलट तुम्ही नको म्हणालात की जे गाव आज गुण्यागोविंदानं राहतंय तिथं उगाच फूट पडेल. आणि श्रद्धा नसलेला माणूस खुर्चीत बसला तर त्याला भीती कशाची राहणार? देवाला भिणारा माणूस पैसे खाताना दहा वेळा विचार करतो असं माझं स्पष्ट मत आहे.

कोर्टाच्या_पायरीवर :

ताई, वकिलीत बरीच वर्षं गेली म्हणून कायद्याच्या बाजूनं सांगतो, थोडं लांबेल.

शपथेपासून सुरू करू कारण तुम्हाला तोच प्रश्न विचारतात. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत शपथेचे नमुने आहेत आणि मंत्र्याला दोन पर्याय आहेत, ईश्वरसाक्ष शपथ घ्यायची किंवा देवाचं नाव न घेता गांभीर्यपूर्वक दृढकथन करायचं. दोन्हीची किंमत सारखीच. आता त्या शपथेत पुढं काय आहे ते ऐका, संविधान आणि कायदा यांनुसार सर्व तऱ्हेच्या लोकांना निर्भयपणे व निःस्पृहपणे, कोणाविषयीही ममत्वभाव किंवा आकस न बाळगता न्याय्य वागणूक देईन. म्हणजे देवाला साक्षी ठेवून माणूस बोलतो काय तर मी सगळ्यांशी सारखा वागेन. इथं देव त्या मंत्र्याला बांधून घेतो, जनतेला नाही. जो फरक तुम्हाला सभेत मांडायचाय तो हाच आहे असं मला वाटतं.

दुसरं, हा वाद संविधान सभेतच होऊन गेलाय. १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामत यांनी दुरुस्ती आणली की संविधानाच्या उद्देशिकेची (प्रस्तावनेची) सुरुवात ईश्वराच्या नावाने अशी करा. कामत मनापासून श्रद्धाळू होते, त्यात राजकीय डाव नव्हता. पण त्यांना विरोध करणारे काही नास्तिक नव्हते हो. पूर्णिमा बॅनर्जींनी तर विनवलं की देवावर मतदान घ्यायची वेळ आमच्यावर आणू नका. हृदयनाथ कुंझरूंचं म्हणणं होतं की अंतःकरणातली भावना अशी सगळ्यांवर लादता येत नाही. कामत हटले नाहीत, मतदान झालं, बाजूनं ४१ आणि विरुद्ध ६८. त्या सभागृहात देव मानणारे किती होते याचा विचार करा, आणि त्यांनीच बहुमतानं ठरवलं की 'आम्ही भारताचे लोक' एवढंच पुरे. तेव्हा नको म्हणलं म्हणजे नास्तिक असं कोणी म्हणालं तर हा किस्सा सांगा.

पैशाचं म्हणाल तर अनुच्छेद २७ बघा. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी म्हणून जो कर खर्च होणार तो भरायची सक्ती कोणावर करता येत नाही. आता हजार रुपये सादिलमध्ये टाकले म्हणून कोर्टात काय होईल? मी तुम्हाला घाबरवणार नाही, २०११ मध्ये हज अनुदानाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं की कराचा मोठा हिस्सा एका धर्मासाठी गेला तर २७ चा भंग होईल, थोड्याशानं नाही. त्यामुळे कायद्यानं अडेल असं छातीठोक सांगत नाही. पण घरपट्टी तर त्या तिघांच्या घरातूनही येते ना. रक्कम लहान असली म्हणून प्रश्न लहान होत नाही.

आणि शेवटचं, सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या बोम्मई निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं धर्मनिरपेक्षता हा संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे हे पक्कं केलं. सरकारला धर्म नसतो, सरकारात बसलेल्या माणसाला असतो. तुम्ही कपाळाला बुक्का लावून सभेला गेलात तर तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. पंचायतीच्या इमारतीला मात्र बुक्का लावता येत नाही.

मांडवीकाठ :

मी पणजीचा. भैरोबावाल्या दादांनी लिहिलंय की देवाला भिणारा माणूस दहा वेळा विचार करतो, त्यावर आमच्याकडचं उदाहरण देतो कारण हे मी डोळ्यांदेखत बघितलंय आणि अजून राग जात नाही.

२०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपात उडी घेतली होती. त्यामुळे २०२२ च्या निवडणुकीत लोकांचा विश्वासच उरला नव्हता. मग जानेवारीत पक्षानं सगळ्या उमेदवारांना बसमध्ये घातलं आणि आधी पणजीच्या महालक्ष्मीला नेलं, मग बांबोळीच्या खुरसाकडे (क्रूसाकडे), मग मांडवीपलीकडे बेतीच्या दर्ग्यात. तिन्ही ठिकाणी शपथ घेतली की निवडून आलो तर पाच वर्षं पक्ष सोडणार नाही. आमच्याकडे बांबोळीच्या खुरसासमोरून जाताना हिंदू माणूससुद्धा हात जोडतो, गाडी थांबवून मेणबत्ती लावतो, त्यामुळे ही शपथ म्हणजे साधी गोष्ट नव्हती. माझ्या आईनं टीव्हीवर ते बघितलं आणि म्हणाली आता नाही मोडणार, देवीसमोर बोललेत.

११ निवडून आले. १४ सप्टेंबरला त्यातले ८ भाजपात गेले. सहा महिने फक्त. आणि माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांना पत्रकारांनी शपथेचं विचारलं तेव्हा ते म्हणाले की मी देवळात जाऊन देवाला विचारलं, देव म्हणाला तुला जे योग्य वाटतं ते कर.

आता सांगा, याला मतदारानं काय उत्तर द्यायचं? देवानं त्यांना तसं सांगितलं नाही हे मी कसं सिद्ध करू? त्यांची श्रद्धा खोटी आहे असंही मी म्हणत नाही, माणसाच्या आत काय चाललंय ते मला काय कळणार. पण म्हणूनच सरकारी कामाचं कारण म्हणून ती चालत नाही. तुम्ही रस्ता का केला नाही, पक्ष का बदलला, पैसे कुठे गेले याचं कारण असं पाहिजे की ते मला तपासता येईल, त्यावर उलट प्रश्न विचारता येईल. आणि देवाच्या शपथेनं जे थांबलं नाही ते कायद्यानंही थांबलं नाही, कारण पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीत दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले तर विलीनीकरणाची पळवाट आहे, ११ पैकी ८ म्हणजे ती भरते. खरी लढाई ती पळवाट बुजवायची होती. त्याऐवजी तीन धर्मांच्या देवांना जामीन उभं केलं आणि शेवटी आमच्या आईसारख्या भाविकांचीच फसगत झाली.

त्यामुळे ताई, पूजा घातली म्हणजे कारभार स्वच्छ होईल असं कोणी म्हणालं तर त्यांना म्हणावं जमाखर्च बोर्डावर लावा.

चंद्रभागेचं_वाळवंट :

माउली, राम कृष्ण हरी. तुमच्या सासऱ्यांना दंडवत सांगा.

पंढरपूरच्या महापूजेचा दाखला देतात म्हणून मी लिहितोय, आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे. लोकांना वाटतं मुख्यमंत्री पूजा करतात म्हणजे विठोबाची पूजा मुख्यमंत्र्यांवाचून अडते. अजिबात नाही. २०१८ ला मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळं फडणवीस पंढरपूरला आलेच नाहीत, त्यांनी मुंबईत वर्षा बंगल्यावर पूजा केली आणि इकडे महापूजा मानाच्या वारकरी जोडप्याच्या हातून झाली. काय कमी पडलं? काही नाही. २०२० ला करोनात उद्धव ठाकरे स्वतः गाडी चालवत मुंबईहून आले, तेव्हा वाळवंटात माणूस नव्हता. म्हणजे पांडुरंगाला दोन्ही चालतं. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र जे सोसावं लागतं ते सांगतो. पदस्पर्शाला लोक वीस वीस तास उभे असतात, पाय सुजलेले, म्हाताऱ्या बायका भिंतीला टेकून पेंगत असतात, आणि महापूजेला रांग थांबते. दरवर्षी मला तेव्हा वाटतं की सरकारनं पाणी द्यावं, संडास द्यावेत, दवाखान्याच्या गाड्या ठेवाव्यात, एसटी सोडावी. हे सगळं सरकार करतं आणि चांगलं करतं, त्याबद्दल मनापासून आभार. लाखो माणसं एका गावात येणार तर ते सरकारचंच काम आहे, मग ती वारी असो नाहीतर उरूस. पूजा आमची आम्ही करू की.

पण वकीलसाहेबांच्या म्हणण्यात मला एक भर घालायचीय. श्रद्धा आणि सरकार यांचा काही संबंधच नको असं कोणी म्हणालं तर ते मला पटणार नाही. १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, विठ्ठलाचं देऊळ दलितांना उघडं करा म्हणून. दहा दिवसांनी, १० मेला, ते यशस्वी झालं. गुरुजी काय देव मानत नव्हते म्हणून बसले होते का? उलट जो देव सगळ्यांची आई आहे त्याच्या दाराला कुलूप कसं, या दुःखानं बसले होते. त्याच वर्षी मुंबई सरकारनं मंदिर प्रवेशाचा कायदाही केला. आता बघा, गुरुजींचं बळ भक्तीतून आलं, पण कायद्यात जे आलं ते भक्तीवर उभं नव्हतं, माणसाला माणूस म्हणून आत जाता आलं पाहिजे एवढंच त्यात होतं आणि ते न मानणाऱ्यालाही पटेल असं होतं. तुमची श्रद्धा तुम्हाला सभेत उभं राहायचं धैर्य देत असेल तर ती जरूर घेऊन जा. ती घरी ठेवून जायची काही गरज नाही.

आणि सरपंच बाईंना पाटावर बसू न देणं हे कुठल्या संतानं सांगितलंय ते मला दाखवा. जनाबाई कोण होत्या?

भीमाकाठचा_मास्तर :

मी बौद्ध आहे, निवृत्त शिक्षक, एक टर्म आमच्या पंचायतीत सदस्य होतो. "कुठं उभं राहायचं" हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो.

बाहेरच्या माणसाला वाटतं आमची अडचण प्रसादाची असते. प्रसाद मी घेतो, शेजारच्या घरी पूजेला बोलावलं तर जातो, पाट मांडायला मदतही करतो, कारण तिथं मी पाहुणा असतो आणि मला नाही म्हणायची मुभा असते. पंचायतीत मी पाहुणा नसतो. तिथं मी मालक आहे, जितके उपसरपंच मालक तितकाच मी. आणि त्याच ठिकाणी मी पूजेच्या वेळी हात जोडले तर माझ्या वस्तीतले लोक विचारणार बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा विसरलास का, आणि नाही जोडले तर गाव म्हणणार याला मस्ती आली. मी काय केलं तर दरवेळी त्या दिवशी तालुक्याला काम काढायचो. सांगायचो की कार्यालयात बैठक आहे. एका निवडून आलेल्या सदस्यानं स्वतःच्याच कार्यालयाच्या कार्यक्रमाला खोटं कारण सांगून गैरहजर राहायचं, ही अवस्था कोणी मुद्दाम आणली नव्हती, सगळे चांगले लोक होते, माझ्या मुलीच्या लग्नाला राबलेले. पण कोणाच्या डोक्यातच आलं नाही. भैरोबावाले भाऊ म्हणतात की कोणी विचारत नाही कुठं उभं राहायचं. विचारत नाही हे खरं आहे. आम्ही ठरवून विचारत नाही.

ताईंना हात जोडून विनंती आहे की त्या तिघांना बोलायला लावू नका. त्यांनी विरोध केला तर वाद धर्माचा होतो. तुम्ही, जिच्या घरी स्वतः सत्यनारायण होतो, तुम्ही बोललात तर तो कारभाराचा मुद्दा राहतो.

म्युनिकचा_मराठी :

माझ्याकडून थोडंच, कारण मुद्दे आलेत. मी जर्मनीच्या बायर्न राज्यात राहतो, इथे २०१८ मध्ये जवळपास असंच झालं. राज्याचे प्रमुख मार्कुस झ्योडर यांनी निर्णय काढला की प्रत्येक राज्य सरकारी कार्यालयाच्या दारात क्रूस लावायचा, १ जूनपासून. सरकारचं म्हणणं की हा धर्माचा प्रश्न नाही, आमच्या संस्कृतीची खूण आहे. (आपल्याकडे "गावाची रीत" म्हणतात तेच.) सगळ्यात जोरात टीका केली ती म्युनिकच्याच आर्चबिशपनी, कार्डिनल मार्क्स यांनी. त्यांचं म्हणणं असं की क्रूसाला नुसती संस्कृतीची खूण केलं तर त्याचा अर्थच गेला, आणि त्याचा अर्थ काय हे ठरवणारं सरकार कोण? केस सर्वोच्च प्रशासकीय कोर्टापर्यंत गेली, डिसेंबर २०२३ ला कोर्टानं क्रूस राहू दिले. म्हणजे कायद्यानं चाललं. पण मला अजून त्या कार्डिनलांचं म्हणणंच जास्त खरं वाटतं, सरकारच्या भिंतीवर गेला की देव सरकारचा होतो.

शपथेचं इथंही आपल्यासारखंच आहे, चान्सलर होताना मर्केलबाईंनी देवाचं नाव घेऊन घेतली, शोल्त्स यांनी २०२१ ला न घेता. दुसऱ्या दिवशी कोणी त्यावर बोलतही नव्हतं.

भैरोबाचं_चांगभलं :

मास्तर, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. बैठकीचं कारण सांगून जाणारा एकजण आमच्या सोसायटीतही आहे, आता लक्षात येतंय. तरी मी म्हणतो की गावाला पूजेशिवाय वास्तू झाल्यासारखी वाटत नाही, ही भावनापण खरी आहे आणि तिचं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. नुसतं नको म्हणून चालणार नाही. वर्गणी काढून भैरोबाच्या देवळात आदल्या दिवशी पूजा करा, गाव जेवू घाला, पंचायतीत दुसऱ्या दिवशी फक्त नारळ-फीत. असं काहीतरी. आणि जोडप्याचं म्हणाल तर देवळातल्या पूजेलाही सरपंच बाईंनाच बसवा, मग बघू कोण काय बोलतं.

कोर्टाच्या_पायरीवर :

भैरोबा दादांच्या शेवटच्या ओळीला माझा पूर्ण पाठिंबा. ताई, तुमच्यापासून फार लांब नाही, कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, शुभकार्यातून लांब ठेवणं हे सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा आदर्श घ्यावा म्हणून परिपत्रक काढलं. तुमच्या पंचायतीत असा ठराव झालाय का ते जुनं इतिवृत्त काढून बघा. झाला असेल तर विधवा सरपंचाला बाजूला ठेवून कार्यालयात पूजा म्हणजे स्वतःच्याच ठरावाविरुद्ध.

माणदेशी_सून :

सगळ्यांचे खूप आभार. काल सभा झाली, काय झालं ते सांगते.

इतिवृत्त काढलं. हेरवाडसारखा ठराव आमच्याकडे २०२२ च्या ग्रामसभेत झालेला निघाला, कोणाच्या लक्षातच नव्हतं. तो मी वाचून दाखवला आणि मग म्हणाले की पूजा देवळात, वर्गणीतून, माझे पहिले पाचशे रुपये धरा, आणि इमारतीचं उद्घाटन सरपंच बाईंच्या हातानं, त्यात कुठलाच धार्मिक विधी नको. उपसरपंच चिडले. म्हणाले तुम्हाला हे कोणी शिकवलं. मी म्हणाले मंत्र्यांची शपथ वाचा, ईश्वरसाक्ष म्हणून पुढं काय लिहिलंय ते. त्यावर बराच वेळ गोंधळ झाला, एक सदस्य म्हणाले उद्या गणपतीचा फोटोपण काढायला लावाल. त्याला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं, कारण जुन्या कार्यालयात फोटो आहेच, आणि २०१७ ला सरकारनं देवांचे फोटो नकोत असं परिपत्रक काढून ओरड झाल्यावर मागे घेतलं होतं हे त्यांनीच मला ऐकवलं. तो विषय मी वाढवला नाही.

शेवटी हजर असलेल्यांत पाच विरुद्ध चार नी माझं म्हणणं मंजूर झालं. पाचवं मत सरपंच बाईंचं. तिघांपैकी दोघांनी माझ्या बाजूनं हात वर केला, एकानं उपसरपंचांच्या बाजूनं केला आणि मी त्याला दोष देत नाही, त्याचं दुकान उपसरपंचांच्या गाळ्यात आहे. आता गावात माझ्याबद्दल काय काय चाललंय ते नवऱ्याच्या कानावर येतंय. सासरे मात्र म्हणाले की बरोबर केलंस, आणि वर्गणीच्या वहीत माझ्या खाली स्वतःचं नाव लिहिलं.

वकील दादा, अजून एक विचारायचंय. याच सभेत भैरोबाच्या देवळापुढं 'सामाजिक सभागृह' मंजूर करून घ्यायचं असं निघालं, आमदार फंडातून. नाव सामाजिक, पण जागा देवस्थान ट्रस्टची आणि दार देवळाच्या आवारातूनच. सातबारा ट्रस्टच्या नावावर असताना त्यावर सरकारी पैशातून बांधकाम करता येतं का, आणि करायचंच असेल तर ते सगळ्या वस्त्यांना लग्नकार्याला मिळेल ही अट ठरावात कशी लिहायची? मसुदा कोणी देऊ शकलं तर फार बरं होईल, ग्रामसभेआधी पाहिजे.